स्केलबीहून आणलेली दोन मतं

डेन्झिल मॉसपला आमच्याकडून एक वाक्य हवं होतं. फक्त एक.

"निबंध नको, क्लाइव्ह," तो मला म्हणाला. "नोव्हेंबरात सगळ्या क्लबांच्या मालकांची बैठक आहे. पुढच्या मोसमात थॉर्नबेक ऑटर्स वरच्या लीगमध्ये राहणार की खालच्या, ते मला तिथे सांगायचंय. बघायला तुम्ही येता, तर तुम्हीच ठरवा. वाक्य आलं तर ठीक, नाही आलं तर मी संघ उतरवत नाही. कुत्र्यांच्या शर्यतीवाल्यांना आपलं स्टेडियम सगळ्याच संध्याकाळी हवंय, आणि कुत्री लीगबद्दल वाद घालत नाहीत."

डेन्झिल जुन्या कारव्हॅन विकतो. आमचा स्पीडवे क्लब त्याने कुठल्यातरी भावुक क्षणी विकत घेतला आणि तेव्हापासून तो दाढदुखी असलेल्या माणसासारखा दिसतो. त्याची धमकी पोकळ नव्हती. त्याच्या डोळ्यांत चक्क आशा दिसत होती.

मी ऑटर्सच्या समर्थक मंडळाचा सचिव. त्यापूर्वी मी गृहकर्ज देणाऱ्या संस्थेत उपव्यवस्थापक होतो आणि चेहऱ्यावरची रेषही न हलवता भल्याभल्यांना नाही म्हणण्याबद्दल माझा लौकिक होता. शंभरेक माणसांकडून एक वाक्य काढणं म्हणजे चहा होईपर्यंतचं काम, असं मला वाटलं. हे वाटणं किती बावळटपणाचं होतं हे समजायला आधी ही माणसं समजायला हवीत.

स्पीडवे म्हणजे चार स्वार, ब्रेक नसलेल्या चार मोटरसायकली, लाल मातीचा लंबगोल आणि चार फेऱ्या. मिनिटभरात शर्यत संपते. मग उधळलेली माती सारखी करायला ट्रॅक्टर येतो आणि लोकांना बोलायला मोकळा वेळ मिळतो. ट्रॅक्टर शर्यतीपेक्षा खूप जास्त वेळ घेतो. आमच्या सगळ्या दुर्गुणांचं मूळ त्या ट्रॅक्टरमध्ये आहे.

या रिकाम्या वेळात आमचे दोन पंथ तयार झाले. पहिल्या वळणावर उभे राहणारे आणि तिसऱ्या वळणावर उभे राहणारे. त्यांच्यात लग्नं होत नाहीत असं नाही. एक झालं होतं. टिकलं नाही.

पहिल्या वळणाचा पुढारी नॉर्मन टिचबॉर्न. निवृत्त बस-तपासनीस. समोरच्याकडे तिकीट नसणारच अशा नजरेने तो अजूनही जगाकडे बघतो. नॉर्मनच्या मते क्लबने खालच्या लीगमध्ये जायला हवं.

"वरच्या लीगमध्ये आपले स्वार कोण?" तो म्हणायचा. "एक डेन्मार्कचा, एक ऑस्ट्रेलियाचा, एकाचं नाव मला अजून उच्चारता येत नाही. रविवारी पोलंडमध्ये पळतात, मंगळवारी स्वीडनमध्ये. मधल्या सोमवारी आपल्याकडे येतात ते पाय मोकळे करायला. याला काय आपला संघ म्हणायचं?"

तिसऱ्या वळणाची पुढारी मॉरीन ग्रिम्स. निवृत्त मुख्याध्यापिका. तिच्यासमोर मोठमोठी माणसं अजून खिशातून हात बाहेर काढतात.

"खालच्या लीगच्या शर्यती मी पाहिल्यात," ती म्हणायची. "विणकाम घेऊन गेले होते. एक टाकासुद्धा चुकला नाही."

माझं मत मॉरीनसारखंच होतं, पण मी ते कुणाला कळू दिलं नव्हतं. सचिवाने तटस्थ दिसलं पाहिजे. शिवाय आपलं मत मॉरीनशी जुळतं हे मॉरीनला कळलं, की ती लगेच कामाला लावते.

मी पहिली चूक केली ती मंडळाच्या संकेतस्थळावर प्रश्न टाकण्याची. 'वर की खाली? कृपया एका शब्दात उत्तर द्यावे.' संध्याकाळपर्यंत भरघोस प्रतिसाद आला. पहिल्या माणसाने लिहिलं की प्रश्नच चुकीचा आहे, दोन्ही लीग एकत्र करा. दुसऱ्याने लिहिलं की त्या एकदा एकत्र केल्या होत्या आणि त्यातूनच सगळा सत्यानाश झाला. तिसऱ्याचं म्हणणं असं की सत्यानाश त्याआधीच झाला होता, सामने गुरुवारऐवजी सोमवारी घ्यायला लागले तेव्हा. मग टायर. मग इंजिनाचा आवाज. मग एका जुन्या पंचाच्या दृष्टीचा विषय निघाला आणि त्याच्या पुतण्याने सगळ्यांना कोर्टाची धमकी दिली. सर्वांत जळजळीत उत्तरं एका गृहस्थाची होती. थॉर्नबेकचं आता काही खरं नाही, असं तो प्रत्येक पानावर सांगत होता. चौकशीअंती कळलं की तो तरुणपणीच ऑस्ट्रेलियात, पर्थला, स्थायिक झालाय आणि त्यानंतर त्याने एकही शर्यत पाहिलेली नाही. एका शब्दात उत्तर फक्त एकाने दिलं. तो शब्द इथे देता येत नाही.

"तूच लिहून टाक ना," माझी बायको हिलरी म्हणाली. "शेवटी लिहिणार एकच माणूस. बाकीच्यांना भांडायला कारण मिळाल्याशी मतलब."

"तत्त्वाचा प्रश्न आहे, हिलरी."

"मग जेवण झाकून ठेवते," ती म्हणाली. तत्त्वाचे प्रश्न किती वेळ चालतात हे तिला लग्नानंतरच्या पहिल्या मोसमातच कळलं होतं.

दुसरी चूक बर्नर्ड कॉटमची. बर्नर्ड आमचा शेजारी. स्टेडियमच्या आवाजाबद्दल तो नगरपालिकेकडे नियमितपणे तक्रार करतो आणि त्याच आवाजावर मांजर घरात घ्यायची वेळ लावतो. कुंपणावरून तो म्हणाला, "बोलायला दिलंस तिथेच चुकलास. आमच्या बोलिंग क्लबात आम्ही लोकांच्या हातात कागद देतो. पर्याय छापायचे, एकासमोर खूण करायची, पेटीत टाकायचा. मिटला विषय."

सल्ला उत्तम होता. बोलिंग क्लबात तो नक्कीच चालत असणार.

मी चार पर्याय छापले. वर राहा. खाली जा. लीग एकत्र करा. आणि चौथा, सामने गुरुवारी घ्या. याचा लीगशी संबंध नव्हता, पण तो नसता तर बराच मोठा गट मतदानावर बहिष्कार टाकणार होता. खाली ठळक अक्षरांत लिहिलं, 'फक्त एकाच पर्यायासमोर खूण करावी.'

आता आमच्या लोकांची एक सवय सांगितली पाहिजे. शर्यतीत चार स्वार. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, शेवटच्याला शून्य. प्रत्येक प्रेक्षकाच्या हातात कार्यक्रमपत्रिका आणि पेन असतं आणि प्रत्येक शर्यतीनंतर तो स्वतः गुण भरतो. शेजारच्याचे बघून भरणाऱ्याला आमच्यात मान नसतो. लहानपणापासून हेच केल्यामुळे चार ओळींचा कागद समोर आला की आमचा हात मेंदूची वाट बघत नाही.

पेटी उघडली तर एकाही कागदावर खूण नव्हती. सगळ्यांनी गुण भरले होते. तीन, दोन, एक, शून्य. कोपऱ्यांत स्वारांच्या हेल्मेटचे रंगही भरले होते, लाल, निळा, पांढरा, पिवळा. 'लीग एकत्र करा' या पर्यायापुढे बऱ्याच जणांनी 'पहिल्या वळणावर पडला' असं नोंदवलं होतं. 'गुरुवार'ला इंजिन बंद पडल्यामुळे शून्य. सुरुवातीला स्वारांपुढे आडवी ताणलेली फीत वर जाण्याआधी तिला कुणी शिवायचं नसतं; एकाने 'खाली जा' या पर्यायाला ती तोडल्याबद्दल बाद केलं होतं. मागच्या बाजूला त्याने पंचांचा निर्णय योग्य होता असंही लिहिलं होतं. तो पंच कोण हे मला विचारू नका.

मी बेरीज केली. करायला नको होती. 'वर राहा' आणि 'खाली जा' यांचे गुण समसमान निघाले.

"बरोबरी झाली तर निर्णायक शर्यत घेतात," नॉर्मन म्हणाला. त्याला आनंद झालेला दिसत होता.

निर्णायक शर्यत म्हणजे समितीची सभा. आमच्या संघात सात स्वार असतात, म्हणून समितीतही सात सदस्य. सातही हजर असल्याशिवाय ठराव होत नाही. घटना लिहिताना आमच्या संस्थापकांनी डोक्याला फारसा त्रास दिला नव्हता. त्यांनी शर्यतीची नियमावली समोर घेतली, जिथे 'स्वार' होतं तिथे 'सदस्य' घातलं आणि ते बिअर प्यायला गेले.

सातांमध्ये नॉर्मन आणि त्याचे दोन मेहुणे, म्हणजे खालच्या लीगची तीन मतं. मॉरीन, तिची बहीण आयव्ही आणि आयव्हीचा नवरा सिरिल, ही वरच्या लीगची तीन. सातवा मी. म्हणजे चार विरुद्ध तीन. वाक्य मी सभेआधीच टंकून खिशात ठेवलं होतं. 'थॉर्नबेक ऑटर्स वरच्या लीगमध्येच राहावेत, असे समर्थक मंडळाचे मत आहे.' त्यातला 'च' मला विशेष आवडला होता.

सभेला जागा मिळवणं हे वेगळंच प्रकरण. स्टेडियमचा बार कुत्र्यांच्या पारितोषिक समारंभाला दिलेला होता. उरला मेथडिस्ट चर्चचा हॉल. तिथल्या आरक्षण बघणाऱ्या बाईंनी फोनवर विचारलं, "कार्यक्रम धार्मिक, राजकीय की व्यायामाचा?"

"यातला कुठलाच नाही. मोटरसायकल शर्यतींच्या लीगबद्दल चर्चा आहे."

"तसा रकाना नाही. 'व्यायाम' लिहिलं तर मला तुमचं प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र लागेल. 'राजकीय' लिहिलं तर पाद्रीसाहेबांची परवानगी, आणि ते सुट्टीवर आहेत."

"आणखी काय आहे?"

"शोकाकुलांचा आधारगट. त्यांना हीटर लावून मिळतो."

मी तेच लिहायला सांगितलं. सभेच्या संध्याकाळी हॉलच्या दारावर तशी पाटी लागली आणि एक खरोखरचे शोकाकुल गृहस्थ येऊन पुढच्या रांगेत बसले. चूक लक्षात आल्यावरही ते उठले नाहीत. जाताना त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "तुमच्या मानाने मी बराच सावरलोय."

हॉलमध्ये सकाळी बालवाडी भरते. मोठ्या खुर्च्या कुलूपबंद होत्या आणि किल्ली पाद्रीसाहेबांबरोबर सुट्टीवर होती. त्यामुळे थॉर्नबेकची सगळी प्रौढ स्पीडवे जनता गुडघे हनुवटीला लावून बसली. अशा अवस्थेत सभेचं अध्यक्षपद भूषवणाऱ्याच्या, म्हणजे माझ्या, मनाचा विचार कुणी करत नाही.

शेवटच्या रांगेत दोन जांभळे मफलर दिसत होते. स्केलबी स्टॅग्सचा रॉनी प्लम्ट्री आणि त्याची बायको बेरिल. नदीपलीकडचं स्केलबी म्हणजे आमचा जुना वैरी. ते खालच्या लीगमध्ये आहेत, आणि आमची पोरं स्केलबीचं नाव शिवी म्हणून वापरतात. ही दोघं कशाला आली, असं कुणी विचारलं नाही. मोसम संपला की शर्यती नसतात, तेव्हा आमची माणसं एकमेकांच्या सभा बघायला जातात. बेरिलने थर्मास आणि अंड्याची सँडविचं आणली होती. रॉनीने मांडीवरच्या वहीत रकाने आखले होते. प्रत्येक वक्त्याला तो गुण देत होता.

सुरुवात बरी झाली. बिघडली ती सिरिलमुळे. वरच्या लीगचं महत्त्व सांगताना तो तरुणपणी पाहिलेल्या अंतिम सामन्यावर घसरला आणि केन बॅबिंग्टन नावाच्या स्वाराचं वर्णन करू लागला. सिरिलच्या घरी बॅबिंग्टनचा फोटो दिवाणखान्यात आहे. आयव्हीचा जिन्यात आहे.

"त्या दिवशी बॅबिंग्टनने फीत ढकलली होती," नॉर्मन शांतपणे म्हणाला. "सगळ्या जगाने पाहिलं."

सिरिल पांढरा पडला. "पुन्हा बोल."

"ढकलली होती. कोपराने."

सिरिल ताडकन उठला. त्याच्याबरोबर खुर्चीही उठली. सिरिलचा मधला भाग प्रशस्त आहे आणि ती खुर्ची चार वर्षांच्या मुलासाठी बनवलेली होती. तो क्षणभर तसाच उभा राहिला, सगळ्यांकडे तुच्छतेने बघितलं आणि खुर्चीसकट दाराकडे निघाला. आयव्ही मागून खुर्चीचे पाय धरून चालत होती, लग्नात नवरीच्या झग्याचा घोळ धरतात तशी. ती खुर्ची पुढे हॉलच्या बाईंनी माझ्याकडून लेखी मागितली.

"पाच उरले," नॉर्मन म्हणाला आणि त्याचा चेहरा उतरला. ठराव त्यालाही हवा होता. पाच माणसांत तो जिंकत होता, पण पाच माणसांत ठराव होत नव्हता. वाक्य नाही तर क्लब नाही. दोन्ही वळणांच्या माणसांनी एकाच वेळी एकाच गोष्टीची भीती बाळगल्याचं मी तेव्हा प्रथम पाहिलं. पुढच्या वसंतात फाटकाला कुलूप असेल आणि आतून कुत्री भुंकतील.

मग मॉरीन म्हणाली, "पाहुणे घ्या."

आमच्या खेळात स्वार जायबंदी झाला, तर त्या सामन्यापुरता दुसऱ्या क्लबचा स्वार उसना घेता येतो. कालपर्यंत ज्याच्या नावाने लोकांनी बोंब मारली तो आज आपली बंडी घालून आपल्यासाठी पळतो, आणि लोक त्याच्यासाठी भोंगे वाजवतात. बाहेरच्यांना हे वेडेपणाचं वाटतं. आम्हाला घटस्फोट वेडेपणाचा वाटतो, पाहुणा नाही. संस्थापकांच्या कृपेने हाच नियम समितीलाही लागू होता.

मॉरीनच्या मनात सभेला आलेले तिसऱ्या वळणाचे दोन भरवशाचे गडी होते. मी नियम वाचून दाखवला. पाहुणा आपल्या क्लबचा चालत नाही, दुसऱ्याच क्लबचा लागतो.

सगळ्या माना मागे वळल्या.

"आम्ही नुसते बघायला आलो होतो," रॉनी म्हणाला.

"सँडविच संपवू द्या की," बेरिल म्हणाली.

नॉर्मनचा चेहरा उजळला. खालच्या लीगच्या माणसांनी कुठे मत दिलं असतं हे सांगायला भविष्यवेत्ता नको होता. मला खिशातला कागद जाणवू लागला. पण नियमाचा आणखी एक भाग होता, आणि माझी सगळी भिस्त त्यावर होती. पाहुणा मूळ माणसापेक्षा सरस असता कामा नये. नाहीतर प्रत्येक क्लब मुद्दाम आपला लंगडा स्वार घरी ठेवून जगज्जेता उसना आणेल.

मी घसा साफ केला. "रॉनी प्लम्ट्री हे सिरिलपेक्षा सरस आहेत, असं कुणाचं म्हणणं आहे का? असल्यास त्यांना बसता येणार नाही."

मी मॉरीनकडे पाहिलं. तिने 'आहे' एवढंच म्हणायचं होतं. आणि ते खरंही होतं. कमरेला खुर्ची अडकवून सभात्याग करणाऱ्या माणसापेक्षा रॉनी प्लम्ट्री सरस आहे, हे बालवाडीतल्या पोरानेही सांगितलं असतं. एका शब्दाने रॉनी बाद झाला असता आणि सातांचा आकडा भरलाच नसता. मग मालकांच्या बैठकीआधी कसंही करून सिरिलला समजावून पुन्हा सभा घ्यायची, असा माझा हिशेब होता.

मॉरीनचं तोंड उघडलं. मिटलं. तिच्या मानेवर लाल चट्टे उमटले. आयुष्यात कित्येक शाळा तपासनिसांना पाणी पाजलेली ती बाई त्या इवल्याशा खुर्चीत स्वतःशी झुंजत होती.

"बोल की, मॉरीन," नॉर्मन गोडपणे म्हणाला. "रॉनी सिरिलपेक्षा सरस आहे?"

"स्केलबीचा माणूस," मॉरीन शेवटी म्हणाली, "थॉर्नबेकच्या कुठल्याही माणसापेक्षा सरस असू शकत नाही."

"आणि बेरिल? आयव्हीपेक्षा?"

"तेच."

टाळ्या पडल्या. दोन्ही वळणांकडून. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. अध्यक्ष म्हणून मला हरकत घेता आली असती. वाक्य जिभेवर तयार होतं, पण त्याची सुरुवात 'स्केलबीचे रॉनी प्लम्ट्री हे सरस' अशी होती आणि जीभ काही केल्या पुढे सरकेना.

बंड्या सोडतीच्या बक्षिसांच्या खोक्यातून आणल्या. पाहुण्याने यजमानांची बंडी घालायची असते. हिरव्या बंडीवर आमचं पाणमांजर आणि खाली जांभळ्या मफलरची टोकं, अशा अवतारात रॉनी उभा राहिला.

"आता मी तुमचाच आहे, तर स्पष्ट बोलतो," तो म्हणाला. "खाली या. तुमच्याशी सामना असायचा तेव्हा आमच्याकडे उभं राहायला जागा नसायची. तुम्ही वर गेलात आणि आम्हाला शिव्या द्यायला माणूस उरला नाही. दुसऱ्यांना देतो, नाही असं नाही. पण मन लागत नाही."

पहिल्या वळणाच्या एका बाईने नाक शिंकरलं. पुढच्या रांगेतले शोकाकुल गृहस्थ मान डोलावत होते.

मतं पडली. खाली जाण्याच्या बाजूने पाच, वर राहण्याच्या बाजूने दोन.

"माझं मत दुप्पट धरा," मॉरीन म्हणाली. "मागे पडलेल्या संघाला एका स्वाराचे गुण दुप्पट करून घेता येतात."

"तो नियम रद्द झाला," नॉर्मन म्हणाला.

"परत आला होता."

"परत रद्द झाला."

मूळ प्रश्नापेक्षा हा वाद जास्त वेळ चालला. शेवटी दुप्पट धरलं. पाच विरुद्ध तीन. मॉरीनचं समाधान झालं. हरलो, पण शेवटी फरक कमी केला, असं ती अजून सांगते.

खिशातल्या कागदावर मी 'वरच्या' खोडून पेनाने 'खालच्या' लिहिलं. 'च' तसाच राहिला.

डेन्झिलने ते वाक्य पोटाच्या तक्रारीचा अहवाल वाचावा तसं वाचलं. "म्हणजे संघ उतरवावा लागणार," तो म्हणाला. मालकांच्या बैठकीत आमच्या प्रवेशाला कुणी हरकत घेतली नाही, कारण उरलेला सगळा वेळ दोन्ही लीगना नवी नावं देण्यात गेला. खालच्या लीगला आता पूर्वीच्या वरच्या लीगसारखंच नाव आहे. त्यामुळे मॉरीन पाहुण्यारावळ्यांना सांगते की आपण वरच आहोत.

वसंतात स्केलबीशी पहिला सामना झाला. इतकी गर्दी की नॉर्मनला पहिलं वळण दिसेना, आणि त्याने गर्दीबद्दल डेन्झिलकडे तक्रार केली. मॉरीनने विणकाम आणलं होतं. तिसऱ्या शर्यतीत तिने ते खाली ठेवलं. मी बघितलं. तिनेही मी बघितलेलं बघितलं, आणि त्यानंतर ती माझ्याशी आठवडाभर बोलली नाही. स्केलबीच्या लोकांना मी त्या संध्याकाळी मनापासून शिव्या दिल्या. बरं वाटलं.

इथे हे प्रकरण संपायला हरकत नव्हती. पण शरदात रॉनीचा फोन आला.

"आमच्या मालकालाही आता एक वाक्य हवंय, क्लाइव्ह. आम्ही वर जायचं की इथेच राहायचं. तीन विरुद्ध तीन अडकलंय आणि आमचा हॅरल्ड पाय मोडून पडलाय. तुमचा पाहुण्यांचा नियम आम्हीही घेतलाय. येतोस?"

ते वर गेले असते तर आमच्या वाट्याला पुन्हा ओसाड स्टेडियम आणि डेन्झिलची आशा आली असती. मी गेलो. त्यांची जांभळी बंडी घातली. ती काखेत काचत होती आणि छातीवरच्या सांबराची शिंगं माझ्या हनुवटीपर्यंत येत होती. मत कुणाला दिलं हे सांगायला नको. स्केलबी आजही खालच्या लीगमध्येच आहे, आणि ते त्यांच्या भल्याचंच आहे.

मला लागलं ते मतदानाच्या आधीचं. हॅरल्डला मी ओळखतो. समितीच्या सभांना तो झोपायला येतो. एकदा चहाच्या घंटेने दचकून जागा झाला आणि दोन्ही बाजूंना मत देऊन बसला. त्या हॅरल्डच्या जागी मी बसणार होतो, आणि रॉनीने नियमाप्रमाणे सभेला विचारलं, "क्लाइव्ह बेकविथ हे हॅरल्डपेक्षा सरस आहेत, असं कुणाचं म्हणणं आहे का?"

मी नम्रपणे जमिनीकडे बघितलं. वाद बराच वेळ चालणार, आणि कदाचित मला परत जावं लागणार, हे मी धरूनच चाललो होतो.

त्या हॉलमध्ये त्यांच्या पहिल्या वळणाचे लोक होते, तिसऱ्या वळणाचे होते, गुरुवारवाले होते, लीग एकत्र करा म्हणणारे होते. आज कोणता वार आहे यावरही त्यांचं एकमत झालं नसतं. कुणी तोंड उघडलं नाही. बेरिलने सँडविचचा डबा बंद केला आणि म्हणाली, "चला, पुढचा विषय घ्या."

स्पीडवेच्या सभेत एकमताने मंजूर झालेला मी पाहिलेला तो एकमेव ठराव.